आकान समाजातील विधी-अन्न : पदार्थ, क्रम आणि अर्थ

आकान समाजात पूर्वजांसाठी करावयाचे अन्न अळणी शिजवितात. रोजच्या सारात मीठ असते, पाहुण्याच्या जेवणात तर ते असावेच लागते. परंतु मृतांपुढे ठेवावयाच्या कुस्करलेल्या कंदात ते घालावयाचे नाही, असा दंडक आहे. मृतांना मीठ चालत नाही, एवढेच कारण त्यासाठी दिले जाते. हे उत्तर लहान असले तरी अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विधीच्या अन्नात काय घातले यास जितका अर्थ असतो, तितकाच काय वगळले यासही असतो, ही गोष्ट त्यावरून ध्यानात येते.

आकान विधी-अन्नाची जी वर्णने सामान्यतः आढळतात त्यांत पदार्थ आणि त्याचा अर्थ अशा जोड्या लावलेल्या असतात. अंडे म्हणजे सुफलता, पांढरा रंग म्हणजे पावित्र्य, तांबडा रंग म्हणजे संकट किंवा शोक, अशी ती यादी असते. ती चुकीची नाही. परंतु शब्दकोशावरून जशी भाषा बोलता येत नाही तसा अशा यादीवरून विधीचा उलगडा होत नाही. तेच अंडे एका प्रसंगी न चावता गिळावयाचे असते, दुसऱ्या प्रसंगी ते काजळीत मिसळून आसनास माखावयाचे असते, तर तिसऱ्या ठिकाणी ते लाकडात कोरून राजाच्या प्रवक्त्याच्या दंडावर बसविलेले असते. पदार्थ एकच, त्याचे काय केले जाते यावर अर्थ ठरतो. प्रस्तुत लेखात काही प्रमुख प्रसंगांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

आकान लोक आणि त्यांची व्यक्तिकल्पना

आकान हे एका राज्याचे किंवा एका जमातीचे नाव नव्हे. घानाचा दक्षिण व मध्य भाग आणि त्यालगतचा आयव्हरी कोस्टचा पूर्व भाग यांत राहणाऱ्या, परस्परांशी निकट असलेल्या भाषा बोलणाऱ्या अनेक लोकसमूहांना मिळून ही संज्ञा लावली जाते. असांते, फांते, आक्येम, आकुआपेम, बोनो, क्वाहू व देंकिरा हे घानातील, तर बाउले व आन्यी हे आयव्हरी कोस्टमधील त्यांतील प्रमुख समूह होत. घानाच्या लोकसंख्येत आकानांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आहे. सर्व आकानांचे विधी सर्वत्र एकसारखे आहेत असे मानणे चूक ठरेल. तरीही काही कल्पना त्यांच्यात बऱ्याच अंशी समान आहेत आणि विधी-अन्न समजण्यासाठी त्यांची ओळख आवश्यक आहे.

आकान विचारानुसार मनुष्य एकाच द्रव्याचा बनलेला नसतो. त्याचे रक्त, म्हणजे ‘मोग्या’, आईकडून येते आणि त्यामुळे तो आईच्या कुळाचा, म्हणजे ‘अबुसुआ’चा, घटक होतो. वारसा, कुळातील स्थान व मृत्यूनंतरची दफनभूमी या गोष्टी या मातृवंशावरून ठरतात. पित्याकडून ‘न्तोरो’ नावाची शक्ती येते व व्यक्तिमत्त्वाचे तेज तिच्याशी जोडले जाते. याखेरीज परमेश्वर न्यामे प्रत्येकास एक ‘क्रा’ देतो. ‘क्रा’ याचे भाषांतर ‘आत्मा’ असे केले जाते. परंतु ते अपुरे आहे. क्रा हा मनुष्याचा प्राण असतो, त्याचे दैव बरोबर आणतो, आणि प्रसंगी त्याच्यावर रुसूही शकतो. म्हणून त्याची समजूत घालावी लागते, त्याला न्हाऊ घालावे लागते आणि खाऊही घालावे लागते.

मनुष्य ज्या वारी जन्मला त्या वारी त्याचा क्रा या जगात आला, असे मानून त्या वारावरून नाव ठेवण्याची प्रथा आहे. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे, रविवारी जन्मलेली मुलगी अकोसुआ. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांच्या नावांत त्यांचे जन्मवार असे सामावलेले आहेत.

यावरून आकान विधी-अन्नाचे भोक्ते कोण, हे दिसून येते. मनुष्याचा स्वतःचा क्रा, अबुसुआचे मृत पूर्वज म्हणजे ‘न्सामानफो’, भूमी असासे या, निरनिराळ्या देवता, आणि या सर्वांनंतर जिवंत माणसे. मराठीत या अन्नास ‘नैवेद्य’ म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्या शब्दाने देव आणि भक्त असे नाते सूचित होते. येथे मुख्य नाते एकाच कुळातील जिवंत आणि मृत यांचे आहे. मृत पूर्वज हे कुळाचे ज्येष्ठ सदस्य होत आणि ज्येष्ठांनी आधी जेवावे, हा घरातलाच नियम त्यांनाही लागू केलेला असतो. वृद्ध असांते गृहस्थ पूर्वी जेवणाचा पहिला घास पूर्वजांसाठी भूमीवर ठेवीत, तो याच नियमाने.

एतो : विधीचे मूलभूत अन्न

आकान विधींत जो पदार्थ सर्वाधिक आढळतो त्याचे नाव ‘एतो’. त्याची कृती अगदी साधी आहे. यामचा कंद किंवा भाजीचे केळे उकडून मऊ कुस्करतात. तसेच ठेवले तर तो पांढरा एतो. तेलताडाच्या फळांचे तांबडे तेल घालून मळला तर तो पिवळसर तांबडा एतो. वर बहुधा सोललेली उकडलेली अंडी ठेवतात. फुफूसारखे रोजचे अन्न उखळात बराच वेळ कांडून करावे लागते व सारात बुडवून खावयाचे असते. एतोला कांडणे नाही, आणि विधीसाठी केला असता मसालाही नाही.

याम म्हणजे कोकणातील कोनफळ व करांदे यांच्या कुळातील वेलीचा कंद होय. आकान प्रदेशात मुख्यत्वे पिकणारा पांढरा याम हा मूळचा पश्चिम आफ्रिकेचाच असून तेथील वनांच्या कडेला उगवणाऱ्या रानटी जातींपासून तो लागवडीखाली आला. तेलताडही तेथलाच. केळे मात्र आशियातून फार प्राचीन काळी आफ्रिकेत पोहोचले. याउलट आज आकानांच्या रोजच्या आहारात ज्यांचा मोठा वाटा आहे ती पिके तुलनेने अलीकडची आहेत. कसावा आणि मका ही पोर्तुगीज व्यापाराच्या काळात अमेरिकेतून आली. अमेरिकेतील अळूसारखा ‘मांकानी’ हा कंद तर १८४३ मध्ये बासेल मिशनने वेस्ट इंडीजमधून आक्रोपोंग येथे आणलेल्या कुटुंबांनी रुजविला असे मानले जाते.

ही पिके आकान स्वयंपाकघरात पूर्णपणे रुळली. आजच्या फुफूत कसावा असतोच. तथापि पूर्वजांच्या आणि क्राच्या एतोत मुख्यतः याम व केळे यांचेच स्थान टिकून राहिले. जिवंतांचा आहार बदलत गेला. मृतांचा आहार ते जिवंत असताना होता तसाच राहिला, असे म्हणता येईल. या दृष्टीने एतो हा केवळ पदार्थ नसून आकान शेतीच्या जुन्या थराची स्मृती आहे.

एतोच्या रंगाचाही विचार केला पाहिजे. आकान रंगव्यवस्थेत पांढरा, तांबडा आणि काळा हे तीन रंग मुख्य आहेत. पांढरा रंग शांती, विजय आणि आनंद यांच्याशी जोडलेला आहे. बाळंतीण, खटल्यात निर्दोष ठरलेला माणूस किंवा संकटातून सुटलेला माणूस पांढरे वस्त्र परिधान करतो अथवा अंगास पांढरी माती लावतो. तांबडा रंग ताप, धोका व तीव्र शोक दर्शवितो. क्रा शांत, शीतल असावा अशी इच्छा असल्याने त्याच्यासाठीच्या विधीत पांढऱ्या रंगास प्राधान्य असते. तथापि येथेही यादीवर विसंबून चालत नाही. वाढदिवशी घरोघरी केला जाणारा एतो अनेकदा तेल घातलेला असतो आणि त्यामुळे तो अशुभ ठरत नाही. रंगाचा अर्थ प्रसंग ठरवितो.

आजारातून उठल्यावर, अपघातातून वाचल्यावर किंवा लांबच्या प्रवासाहून सुखरूप परतल्यावरही एतो आणि अंडी खाण्याची चाल आहे. वरवर पाहता ही मेजवानी वाटते. वस्तुतः ती आभाराची फेड असते. क्रा शरीर सोडून गेला नाही, म्हणून त्याला जेवू घालावयाचे. जेवणारा आणि ज्याला जेवू घातले जाते तो, दोघे एकाच शरीरात असतात.

अंडे : न चावण्याचा नियम

मुलीस प्रथम ऋतू प्राप्त झाल्यावर असांते व इतर काही आकान समूहांत ‘ब्रागोरो’ नावाचा संस्कार होत असे. रॉबर्ट सदरलँड रॅट्रे यांनी १९२७ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि पीटर सारपोंग यांनी १९७७ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मुलीस लोकांसमक्ष आसनावर बसवीत, स्त्रिया गाणी म्हणत, तिला नदीवर न्हाऊ घालीत आणि त्यानंतर ‘अनोका’ म्हणजे मुखस्पर्शाचा विधी होई. एक वृद्ध स्त्री निरनिराळ्या वस्तू मुलीच्या ओठांस लावी. त्यांत एतो असे; आणि हत्तीच्या कातड्याचा तुकडाही असे. हत्तीणीचे विशाल गर्भाशय तुला लाभो आणि तुला दहा मुले होवोत, असा आशीर्वाद त्यासोबत दिला जाई.

यानंतर मुलीस उकडलेले अंडे देत. ते तिने न चावता सबंध गिळावयाचे. दात लागला तर ती आपल्याच भावी अपत्यांना चावल्यासारखे होईल, असा समज होता. अंडे हे सुफलतेचे प्रतीक आहे, एवढे सांगून येथे काम भागत नाही. उकडलेले अंडे सबंध गिळणे कठीण असते. त्यासाठी घसा मोकळा ठेवावा लागतो, घाई आवरावी लागते, आणि जमलेल्या स्त्रिया पाहत असतात. खाण्याची सर्वांत स्वाभाविक क्रिया म्हणजे चावणे; तीच येथे निषिद्ध केलेली आहे. जे पोटात जावयाचे ते न दुखावता जावे आणि न दुखावता बाहेर यावे, ही मातृत्वाची शिकवण मुलीस शब्दांऐवजी शरीराने दिली जाते.

या संस्कारामागे कठोर सामाजिक वास्तवही होते, हे विसरता कामा नये. ब्रागोरो होण्यापूर्वी मुलगी गर्भवती झाल्यास तो ‘किरिब्रा’ नावाचा गंभीर अपराध ठरे आणि तिला व संबंधित पुरुषास गावाबाहेर घालविले जाई. म्हणजे एतोचा तो घास आणि ते अंडे यांनी तिला केवळ आशीर्वाद मिळत नसे. मूल होण्याचा अधिकारही मिळत असे. हा संस्कार आज बहुतेक ठिकाणी लुप्त झाला आहे.

अंड्याचा दुसरा उपयोग राजसत्तेशी निगडित आहे. आकान राजा लोकांशी थेट बोलत नाही. ‘ओक्येआमे’ हा प्रवक्ता मध्यस्थी करतो. त्याच्या दंडाच्या टोकावर निरनिराळ्या म्हणींची शिल्पे कोरलेली असतात. त्यांपैकी एक प्रसिद्ध शिल्प म्हणजे अंडे धरलेला हात. सत्ता ही अंड्यासारखी असते. फार घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते, असा त्याचा आशय. तिसरा उपयोग त्याहून गूढ आहे. आपल्या पदास शोभेल असा कारभार करून पदावर असताना मृत्यू पावलेल्या राजाचे आसन काळे केले जाते आणि त्यासाठी वापरावयाच्या काजळीत अंड्याचा बलक मिसळतात. मुलीच्या पोटात सबंध जाणारे, राजाच्या हातात अखंड राहणारे अंडे येथे मात्र फोडले जाते. जन्माच्या आधी जे जपावयाचे, ते मृत्यूनंतर पूर्वजाच्या आसनाचा लेप होते.

अदाए : मृतांचे भोजन

ही काळी आसने एका विशिष्ट गृहात ठेवलेली असतात व तेथे सर्वांना प्रवेश नसतो. ‘अदाए’ या पर्वाच्या दिवशी राजा स्वतः तेथे जाऊन पूर्वजांना जेवू घालतो.

अदाएची कालगणना लक्षात घेण्याजोगी आहे. आकानांत सात दिवसांच्या आठवड्याबरोबरच सहा दिवसांचा एक जुना आठवडा चालत आलेला आहे. या दोन्हींची जोडी पूर्ण होण्यास सहा गुणिले सात, म्हणजे ४२ दिवस लागतात. या चक्राचे नाव ‘अदादुआनान’ असे असून त्याचा शब्दशः अर्थ चाळीस दिवस असा होतो. प्रत्येक चक्रात एक रविवार आणि एक बुधवार पूर्वजांचा असतो. रविवारच्या पर्वास अक्वासिदाए व बुधवारच्या पर्वास अवुकुदाए म्हणतात. अक्वासिदाएनंतर २४ दिवसांनी अवुकुदाए येतो आणि त्यानंतर १८ दिवसांनी पुन्हा अक्वासिदाए. अशा रीतीने पूर्वजांना कधीही चार आठवड्यांहून अधिक काळ उपाशी राहावे लागत नाही. नवव्या चक्रातील मोठ्या पर्वास ‘अदाए केसे’ ही संज्ञा आहे.

१९२१ मध्ये असांतेत स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र विभागाचे प्रमुख असलेल्या रॅट्रे यांना आसनगृहातील विधी पाहण्याची अनुमती मिळाली होती आणि १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याचा वृत्तांत दिला. त्यातील क्रम असा : प्रथम भूमीवर पाणी ओतले जाते. पूर्वज जेवावयास येत आहेत, तेव्हा त्यांना हात धुण्यास पाणी दिले पाहिजे. मग एतो प्रत्येक आसनावर ठेवला जातो, आवाहन होते. त्यानंतर मेंढ्याचा बळी देतात, त्याचे रक्त व मांसाचे तुकडे आसनांस अर्पण करतात आणि शेवटी मद्य ओततात. उरलेले मांस राजसभेतील अधिकाऱ्यांत ठरलेल्या वाट्यांनी विभागले जाते. हात धुणे, मुख्य अन्न, मांस, पेय हा घरी आलेल्या वडीलधाऱ्यांच्या आदरातिथ्याचाच क्रम आहे. फरक एवढाच की अन्नात मीठ नाही.

आता मिठाचा प्रश्न पुन्हा घेता येईल. असांते प्रदेश समुद्रापासून आत, वनप्रदेशात आहे. मीठ किनाऱ्यावरील खाजणांतून व्यापारमार्गे येत असे आणि त्याला मोठी किंमत होती. तेव्हा मृतांना मीठ न देणे हा काटकसरीचा प्रकार असावा, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या विधीत मेंढा आणि मद्य सढळ हाताने दिले जाते तेथे मिठापुरती काटकसर संभवत नाही. अधिक ग्राह्य स्पष्टीकरण असे दिसते : मृतांना जिवंतांप्रमाणेच वागवावयाचे, परंतु ते जिवंत नाहीत हे विसरावयाचे नाही. पाण्यापासून मद्यापर्यंत सर्व क्रम जिवंतांचा ठेवून केवळ मिठाच्या अभावाने ही सीमारेषा आखलेली आहे.

नवा याम आणि ‘आधी कोण’ हा प्रश्न

नव्या यामच्या पर्वात हाच विचार सर्व समाजाच्या पातळीवर दिसतो. नवा कंद पावसाळ्याच्या उत्तरार्धात तयार होऊ लागतो. परंतु पूर्वजांना व देवतांना तो अर्पण होईपर्यंत राजाने आणि परंपरेनुसार प्रजेनेही तो खावयाचा नसतो. असांते, आकुआपेम व इतर अनेक राज्यांत या काळात ‘ओद्विरा’ हा शुद्धीचा उत्सव होतो.

आकुआपेमचा ओद्विरा १८२६ च्या कातामान्सोच्या लढाईत असांते सैन्याचा पराभव झाल्यानंतर त्या राज्यात सुरू झाला, अशी परंपरा आहे. आक्रोपोंग येथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होतो. त्यापूर्वी सहा आठवडे ढोलवादन, गलबला आणि नव्या यामचे सेवन यांवर बंदी असते. उत्सवाच्या सप्ताहात सोमवारी राजसमाधीकडे जाणारी वाट साफ करतात, मंगळवारी तेथून ओद्विरा नगरात आणतात, बुधवारी वर्षभरातील मृतांसाठी शोक करतात आणि गुरुवारी अन्नाचा दिवस असतो. त्या दिवशी झाकलेली अन्नपात्रे डोक्यावर घेऊन मिरवणुका न्सोरेम या पूर्वजांच्या स्थानाकडे जातात. शुक्रवारी राजसभा भरते. शोक आधी, अन्न नंतर आणि वैभव शेवटी, असा हा क्रम आहे. वर्षभरातले मृत रडून निरोपिल्याशिवाय जेवता येत नाही, आणि पूर्वज जेवल्याशिवाय राजाला छत्राखाली मिरविता येत नाही.

नव्या पिकावरील या बंदीचा उपयुक्ततावादी अर्थही लावला जातो. अपक्व याम फार लवकर खणला तर कंद निकृष्ट मिळतो. यास्तव बंदीमुळे पिकाचे रक्षण होते. हे स्पष्टीकरण काही अंशी योग्य आहे. परंतु पीक तयार झाल्यावरही पहिला कंद आसनासच का द्यावयाचा, याचे उत्तर त्यात नाही. आकान विचारानुसार भूमी जिवंतांच्या मालकीची नसते. ती पूर्वजांची असून जिवंत तिचे केवळ राखणदार होत. पूर्वजांनी आधी खाणे ही त्या मालकीची वार्षिक कबुली आहे. राजाने नवा याम आधी खाल्ला तर तो केवळ विधीचा भंग ठरत नाही. दुसऱ्याची भूमी आपली म्हणविल्यासारखे होते.

जल, ताडी आणि श्नॅप्स

अन्नाइतकेच महत्त्व पेयास आहे. मूल जन्मल्यावर आठव्या दिवशी नामकरण होते. त्यापूर्वी ते या जगात राहावयास आले की मृतांच्या जगातून केवळ भेटीस आले, हे निश्चित मानीत नसत. नामकरणाच्या वेळी बाळाच्या जिभेवर बोटाने पाण्याचा थेंब ठेवतात, मग मद्याचा. पाणी असेल तर पाणी म्हण, मद्य असेल तर मद्य म्हण, असा त्यासोबतचा उपदेश असतो. दोन्ही द्रवांचा रंग सारखाच. भेद जिभेलाच कळतो. सत्य हे पाहून नव्हे तर चाखून ओळखावयाचे आणि जसे चाखले तसे बोलावयाचे, ही आयुष्याची पहिली शिकवण होय.

विवाहात वराच्या कुळाने वधूच्या कुळास ‘तिरि न्सा’ नावाचे मद्य द्यावयाचे असते. ते स्वीकारून दोन्ही बाजूंनी प्राशन केल्याने विवाह रूढीनुसार वैध होतो. न्यायनिवाडा व जमिनीचे व्यवहार यांतही ‘असेदा’ म्हणून पेय वा तत्सम देणगी देण्याची रीत होती. जेथे लेखी दस्तऐवज नव्हता तेथे ज्यांनी ते पेय प्यायले ते साक्षीदार झाले.

पूर्वी या सर्व प्रसंगी ताडी वापरीत. युरोपीय व्यापाराबरोबर रम आणि डच श्नॅप्स आले. डच लोक १६३७ पासून १८७२ पर्यंत एल्मिना येथे होते. कालांतराने चौकोनी हिरव्या बाटलीतील श्नॅप्सला पूर्वजांच्या पेयाचा मान मिळाला. येथे एक विसंगती दिसते. घन अन्नात नवी पिके दूर राहिली. द्रवात मात्र परकीय मद्य सहज शिरले. याचा उलगडा बहुधा असा की एतो हा कुळाच्या आतील घास आहे, तर पेय हे दोन कुळांमधील, दोन पक्षांमधील व्यवहाराचे साधन आहे. व्यवहाराची वस्तू मौल्यवान असावी लागते आणि ती बाहेरून आली तर तिचे मोल वाढतेच.

न खाण्याचा अर्थ

विधी-अन्नाचा विचार उपवासाशिवाय अपुरा राहील. मृत्यूनंतर जवळचे नातलग परंपरेनुसार नेहमीचे अन्न वर्ज्य करीत. पेय मात्र घेत. ‘बुआदा’ या संज्ञेने हा उपवास ओळखला जातो. कुळाचा एक घटक जिवंतांच्या पंगतीतून उठून मृतांच्या पंगतीत जात असतो. तो तेथे स्थिरावेपर्यंत कुळाचे जेवण थांबते. आकानांच्या एका प्रसिद्ध चिन्हात दोन मगरींची शरीरे एकाच पोटाने जोडलेली दाखवितात. पोट एक असूनही त्या अन्नासाठी भांडतात, असा त्यातील उपरोध आहे. अबुसुआचे पोट एक असते ही कल्पना या चिन्हात विनोदाने आणि मृत्युप्रसंगीच्या उपवासात गांभीर्याने व्यक्त झाली आहे.

परकीय दृष्टी आणि आजची स्थिती

टॉमस एडवर्ड बाउडिच १८१७ मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर कुमासीस गेले आणि तेथील यामोत्सव त्यांनी पाहिला. १८१९ च्या त्यांच्या ग्रंथात त्या समारंभाचे मोठे चित्रही आहे : छत्रे, सुवर्ण, सैनिक आणि अफाट गर्दी. लोकांसाठी पितळी परातींत ओतलेली रम आणि त्यामुळे माजलेला गोंधळ यांचे त्यांनी केलेले वर्णन पुढे वारंवार उद्धृत झाले. त्या काळी या उत्सवात नरबळीही दिले जात, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु युरोपात जी प्रतिमा रुजली ती मद्य आणि रक्त यांचीच. आसनगृहात राजाने हातांनी वाढलेला अळणी कंद तिच्यात नव्हता. कारण तो परक्या पाहुण्यास दिसतच नव्हता.

पुढे यादवी युद्धे झाली. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी असांतेहेने पहिले प्रेम्पेह यांना पकडून हद्दपार केले. १९२४ पर्यंत ते परतू शकले नाहीत. या कालखंडात कुमासीच्या जुन्या ओद्विराची परंपरा खंडित झाली. राजाविना मृतांना राज्याच्या वतीने जेवू घालणारा कोणी उरला नव्हता. असांते लोकांना हद्दपारीचे दुःख केवळ राजकीय का वाटले नाही, हे यावरून समजू शकते. १९३५ मध्ये असांते राज्यसंघाची पुनःस्थापना झाली. आज कुमासीत अक्वासिदाए व अदाए केसे नियमितपणे साजरे होतात आणि ते पाहण्यास परदेशी प्रवासीही येतात.

दुसरा विरोध ख्रिस्ती धर्मप्रसाराबरोबर आला. बासेल मिशनने धर्मांतरितांसाठी ‘सालेम’ नावाच्या वेगळ्या वस्त्या वसविल्या आणि आसनांच्या विधींपासून त्यांना दूर ठेवले. आजही अनेक चर्चसंप्रदाय, विशेषतः पेंटेकोस्टल, भूमीवर मद्य ओतण्याच्या प्रथेस विरोध करतात आणि सार्वजनिक समारंभांत ती असावी की नसावी यावर घानात वाद होत असतो. मात्र एतोच्या बाबतीत हा विरोध तितका तीव्र दिसत नाही. वाढदिवसाच्या सकाळी एतो आणि अंडी करण्याची चाल ख्रिस्ती कुटुंबांतही टिकून आहे, शहरांत आहे आणि परदेशी स्थायिक झालेल्या घानावासीयांतही आहे. तेथे आसनगृह नाही, आवाहन नाही. पुष्कळदा क्राचे नावही कोणी घेत नाही, आणि घरच्या माणसांसाठी केलेल्या त्या एतोत मीठही पडते.

मग त्यास विधी-अन्न म्हणावे काय? यादीच्या पद्धतीने पाहिल्यास याम आहे, अंडे आहे, म्हणून उत्तर होकारार्थी येईल. क्रमाच्या दृष्टीने पाहिल्यास उत्तर इतके सोपे नाही. मीठ पडले तेव्हा मृतांचा त्या पात्रावरील हक्क संपला. तथापि ज्याचा जन्मवार आहे त्याने सकाळी इतर काही खाण्यापूर्वी हा पदार्थ खावा आणि त्याच्या घरच्या ज्येष्ठ स्त्रीने तो करावा, एवढा भाग अनेक घरांत अद्याप पाळला जातो. आकान समाजाच्या अभ्यासकाने शुक्रवारच्या राजसभेतील सुवर्णाइतकेच लक्ष या सकाळच्या थाळीकडे दिले पाहिजे. तिच्यात मीठ केव्हा पडू लागले, ती प्रथम कोणापुढे ठेवली जाते आणि अंडे चावून खावयाचे की नाही हे मुलांना कोण सांगते, हे प्रश्न अद्याप घरोघरी जाऊन विचारता येण्याजोगे आहेत.